चौथ्या तुकड्यातली गाणारी बाई

३ फेब्रुवारी

प्रिय खारू,

तुझं खोकं काल मिळालं. पोस्टमन म्हणाला, "बाई, एवढं काय मागवलंत?" मी म्हटलं, "कान." तो हसला नाही. हल्ली त्यांना हसायला वेळ नसतो.

ऐकायची पहिली फेरी आज सकाळीच उरकली आणि गुण संगणकावरून पाठवून दिले. वीस श्रोत्यांच्या यादीत माझा नंबर विसावा लागला, म्हणजे शाळेत होता त्यापेक्षा बराच पुढे. पण खरं सांगू? मी नेमकं काय तपासते आहे ते मला अजून धड कळलेलं नाही. तुझी आई सगळ्यांना सांगत फिरते की आमची खारू कंपनीत आवाज बारीक करते. ताईचं सोड. पण मी बत्तीस वर्षं रेडिओवर ध्वनिमुद्रण केलं. आवाज फितीवर अख्खा उतरला पाहिजे, एवढंच मला शिकवलं होतं. त्यातलं काही टाकून द्यायचं असतं, हे या वयात शिकायची वेळ आली. तेव्हा तुमचा तो कोडेक काय करतो ते मला समजेल असं लिही. फोन करू नकोस, लिहीच. लिहिलेलं मला दोनदा वाचता येतं.

एक तक्रार आहे. तू पाठवलेल्या हेडफोनची उजवी बाजू मंद आहे. मंद काय, जवळजवळ बंदच. मी तो उघडून आतली तार पुन्हा सोल्डर केली. फरक नाही. मग कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. तो कानाला लावून म्हणतो, "मावशी, एकदम चांगला वाजतोय." मी त्याला म्हटलं, "बाबा, तू आधी तुझे कान तपासून घे."

तुझे काका असते तर म्हणाले असते, हिच्या हातून तार काही सुटत नाही. त्यांना जाऊन येत्या मे महिन्यात दोन वर्षं होतील. तुझं खोकं मी सवयीने त्यांच्या खुर्चीवर ठेवायला गेले, आणि उचलून पुन्हा जमिनीवर ठेवलं.

तुझी,
मावशी


१४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

सोबत नवे हेडफोन. जुने परत पाठव, मी प्रयोगशाळेत मोजून बघते.

आता कोडेक. आधी चित्राचं सांगते, ते सोपं आहे. समज, तू रोज मला पत्राने तुझ्या खिडकीतून काय दिसतं ते कळवते आहेस. पहिल्या पत्रात सगळं लिहिशील: समोरची पिवळी भिंत, दिव्याचा खांब, शिंप्याच्या दुकानाची पाटी. दुसऱ्या पत्रात फक्त एवढंच, की खांबाजवळ एक सायकल येऊन उभी राहिली. भिंतीचं पुन्हा कशाला लिहायचं? ती मी पहिल्या पत्रातून घेते. इंटरनेटवरून व्हिडिओ असाच येतो. एखादं चित्र पूर्ण, आणि पुढच्या कितीतरी चित्रांत फक्त काय बदललं ते. म्हणून मधलं एखादं पत्र हरवलं, की सायकल भिंतीतून चालताना दिसते. परवा तू म्हणालीस ना, बातम्या देणाऱ्या बाईचा गाल पडद्यावरच अडकून राहिला? तो हाच प्रकार.

आवाजाची युक्ती वेगळी. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज माणसाला ऐकूच येत नाही. तू आणि आई स्वयंपाकघरात मिक्सर लावून माझ्याबद्दल कुजबुजायचात, तेव्हा मी दाराला कान लावून उभी असायचे आणि हाती काही लागायचं नाही. कोडेक म्हणतो, जे ऐकूच येणार नाही ते पाठवायचं कशाला?

आणि आमचा नवा कोडेक त्याच्याही पुढे जातो. डाव्या कानाचा आणि उजव्या कानाचा आवाज वेगळा असतो, पण दोन्हींत पुष्कळसं सारखंच असतं. सारखं असेल ते आम्ही एकदाच पाठवतो आणि दोघांतला फरक अगदी थोडक्यात कळवतो. त्यात उजवीकडचा थोडा कचरा डावीकडे सांडतो, डावीकडचा उजवीकडे. पण दोन्ही कान मिळून तो झाकून घेतात, कोणाला पत्ताही लागत नाही. निम्म्या डेटात पूर्ण आवाज! जिथे नेटवर्क रडत असतं तिथेही शाळेचा तास ऐकू येईल, डॉक्टरांशी बोलता येईल. या एका गोष्टीवर मी तीन वर्षं घालवली आहेत.

ऐकताना तुला सहा बटणं दिसतात, त्यांतलं एक गुपचूप मूळ ध्वनिमुद्रण असतं आणि एक आम्ही मुद्दाम बिघडवलेलं. बाकीची वेगवेगळे कोडेक. कुठलं काय ते मी सांगणार नाही, विचारूही नकोस. मुळाला जो कमी गुण देतो त्याचा कान कच्चा धरून आम्ही त्याला वगळतो. तू कच्ची ठरणार नाहीस, हे मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं आहे. एक एप्रिलला कोडेक बाहेर पडायचा आहे.

तुझी,
खारू


२६ फेब्रुवारी

प्रिय खारू,

पत्र दोनदा वाचलं. सायकल भिंतीतून जाते हे फार आवडलं. मिक्सरचं मात्र तुझ्या आईला कळवते आहे.

दुसरी फेरी झाली, आणि मी हादरले आहे. तुमच्या चौथ्या तुकड्यात एक चेलो वाजतो आणि एक बाई गाते. त्यातलं तीन नंबरचं बटण दाबलं आणि हेडफोन काढून टेबलावर आपटणार होते! चेलोच्या मागे कोणी तरी तोंडात पाणी घेऊन गुळण्या करतंय. मी पुन्हा ऐकलं. पुन्हा गुळण्या. चहा घेऊन आले, पुन्हा ऐकलं. हे कोणी केलं त्याचा कान धरून मला आणून दाखव. मी त्याला शंभरपैकी पंधरा दिले, तेही चेलोवाल्याकडे बघून. मूळ कुठलं ते मला लगेच कळलं, पाच नंबर. गाणारी बाई मात्र मुळातच लांब, जणू शेजारच्या खोलीत उभी केली आहे. ज्याने कोणी ध्वनिमुद्रण केलं त्याला माईक कुठे ठेवायचा ते माहीत नव्हतं. पण तो दोष तुमचा नाही.

तुझे नवे हेडफोनही उजवीकडे बंद आहेत. दोन जोड, दोन्ही उजवीकडे! कुठल्या कारखान्यातून घेता गं? दोन्ही परत पाठवते आहे.

आणि खारू, माझं नाव यादीत राहू दे. मी कधी काही मागत नाही. काका रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे. जन्मभर मुद्रितशोधक, त्यामुळे बातमीपेक्षा चुकाच जास्त वाचायचे. "ऐकलंस का, 'मंत्री' पहिली वेलांटी!" असं. आता तुमच्या परीक्षेचा मंगळवार सोडला तर "काय ऐकलंस?" असं मला विचारणारं कोणी उरलं नाही.

तुझी,
मावशी


९ मार्च

प्रिय मावशी,

हेडफोन मिळाले. कामाची इतकी गर्दी आहे की चार ओळीच लिहिते. निकाल साहेबांकडे गेला, छापील प्रत सगळ्या श्रोत्यांना येईल.

आई म्हणते, तू फोनवर पटकन "बरं बरं" म्हणून ठेवून देतेस. तब्येत बरी आहे ना? एक विचारू? फोन तू कुठल्या कानाला लावतेस?

तुझी,
खारू


१७ मार्च

खारू,

डाव्या. बत्तीस वर्षं उजव्या हातात पेन्सिल होती, फोन डाव्यालाच जाणार. कसले प्रश्न विचारतेस?

आता माझा प्रश्न. तुमचा छापील निकाल आज आला. गुळगुळीत कागद, वर माझे आभार. खाली लिहिलंय, "श्रोते: एकोणीस." मला वाटलं छपाईची चूक. काकांची सवय मला लागली आहे, चूक दिसली की बोट ठेवायचं. बोट ठेवलं तर त्याच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ. "एका श्रोत्याचे गुण उपकरणातील दोषामुळे धरलेले नाहीत."

मी ती ओळ उभ्याने वाचली, मग बसून वाचली. उपकरण म्हणजे हेडफोन, की मी?

नव्या कोडेकला सरासरी ब्याण्णव गुण, असंही त्यात आहे. चौथ्या तुकड्यातही, तिथला तीन नंबर म्हणजे तोच. म्हणजे त्या गुळण्यांना एकोणीस माणसांनी सरासरी नव्वदच्या वर गुण दिले! आणि त्या गुळण्या तुझ्या आहेत, हे मला असं कागदावरून कळलं. तुझं मन मोडलं असेल तर ते मला सांगायचं होतंस, खारू. माझी ओळ खोडून काय झालं?

तुझ्या लहानपणी मी तुला फीत कापून चिकटपट्टीने जोडायला शिकवलं होतं. तू पाच वर्षांची होतीस. तेव्हा तू मला न सांगता काही कापत नव्हतीस.

मावशी


२४ मार्च

प्रिय मावशी,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. आता सरळ लिहिते.

तुझे पंधरा गुण पाहून मला धक्का बसला. बाकीचे कोणी पंच्याऐंशीच्या खाली आले नव्हते. नियमाने तुला वगळता येत नव्हतं, कारण दहाच्या दहा तुकड्यांत मूळ ओळखून त्याला शंभर देणारी वीस जणांत तू एकटीच होतीस. पण तुझी तक्रार माझ्यासमोर होती, उजवी बाजू बंद. मी साहेबांना म्हटलं, हेडफोन बिघडलेला आहे, तिचे गुण धरायला नकोत. ते हो म्हणाले. मला हायसं वाटलं, मावशी. तीन वर्षांचं काम वाचलं असं वाटलं. हे तुला सांगायला लाज वाटते.

मग तुझं खोकं आलं. मी दोन्ही जोड यंत्रावर लावून मोजले. पहिल्यांदा वाटलं मीच तारा चुकीच्या जोडल्या. पुन्हा मोजले. दुसऱ्या यंत्रावर मोजले.

मावशी, दोन्ही हेडफोन दोन्ही बाजूंनी सारखे वाजतात. दुरुस्तीवाला बरोबर होता.

तोवर निकाल छपाईला गेला होता. मी तो थांबवू शकले असते. थांबवला नाही. उलट तुला फोनचा कान विचारला आणि गप्प बसले.

आणि चौथ्या तुकड्यातली ती बाई लांब उभी नाही. ती अगदी जवळ आहे, माईकला चिकटून. ती तुझ्या उजवीकडे उभी आहे.

कृपा करून डॉक्टरांकडे जा. मी येऊ का?

खारू


२ एप्रिल

प्रिय खारू,

येऊ नकोस. निदान आत्ता नको.

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला. पोरीने स्वतःची चूक झाकायला माझा कान पुढे केला, असं वाटलं. मग काकांचं मनगटी घड्याळ कपाटातून काढलं, किल्ली दिली. डाव्या कानाला लावलं, टिकटिक. उजव्या कानाला लावलं आणि घड्याळ बंद पडलं. पुन्हा किल्ली दिली. कानाला लावलं. बंद. समोर धरून पाहिलं तर सेकंदकाटा फिरत होता.

काटा फिरताना दिसतोय आणि आवाज नाही. एवढी वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आले, आधी तार तपासा, मग जोड तपासा, मग माईक. माझ्या यादीत माणूस नव्हताच कधी.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्याच वयाच्या. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं. आतली शांतता ओळखीची होती, आमच्या स्टुडिओसारखी, म्हणून जरा बरं वाटलं. निकाल असा: उजवा कान गेला, पूर्ण. परत यायचा नाही. डावा कान, त्या म्हणाल्या, वयाच्या मानाने फारच चांगला. त्यांनी विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाहीये?" मी म्हटलं, घड्याळ कानाला लावेपर्यंत मला माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या, "असं कसं? त्या बाजूने कोणी बोललं की कळत असेल ना?"

खारू, काकांची खुर्ची माझ्या उजवीकडे आहे. दोन वर्षं त्या बाजूने कोणी बोललेलंच नाही.

मी त्यांना म्हटलं, माहीत नाही. फी दिली आणि पायी घरी आले. रस्ता ओलांडताना उजवीकडून एक गाडी आली ती मला दिसली तेव्हाच कळली. रोज तोच रस्ता मी ओलांडते.

हे सगळं झालं. आता कामाचं. मला कानाचं दुःख आहे, ते माझं मी बघेन. पण चौथ्या तुकड्यातला तीन नंबर वाईटच आहे. डावा कान उत्तम आहे असं आता माझ्याकडे डॉक्टरांचं लेखी आहे, आणि त्याच कानाने त्या गुळण्या ऐकल्या आहेत. मी म्हातारी झाले असेन, बहिरी झाले असेन, खोटं ऐकलेलं नाही. हेडफोनची उजवी वाटी कानावरून बाजूला कर आणि ऐक. मग मला पत्र लिही.

मावशी


१३ एप्रिल

प्रिय मावशी,

ऐकलं.

मी उजवी वाटी बाजूला केली, तीन नंबर दाबला. चेलोच्या मागे गुळण्या. अगदी तू म्हणालीस तशाच. उजवीकडच्या बाईचा जो कचरा डावीकडे सांडतो, तोच हा. दोन्ही कान उघडे असले की तिचा खरा आवाज उजवीकडून जोरात येतो आणि कचरा झाकला जातो. झाकणारा कान काढून घेतला की तो उघडा पडतो. हे मी स्वतः तुला लिहिलं होतं, आठवतं? दोन्ही कान मिळून झाकून घेतात. लिहिताना मला केवढा अभिमान वाटत होता! एकच कान असला तर काय, हा प्रश्न तीन वर्षांत मला एकदाही पडला नाही.

मी साहेबांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं, तुझे गुण मी का काढायला लावले तेही. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी ते एकोणीसच्या एकोणीस श्रोते परत बोलावले, सगळ्यांना उजवी वाटी बाजूला करायला लावली. एक जण, बरा तबलजी आहे, म्हणाला, "हे काय आहे? मी याला चौऱ्याण्णव दिले होते?" गुण आले: अठरा, बावीस, बारा, वीस. तू पंधरा दिले होतेस. तू जरा उदारच झालीस.

मग साहेबांनी खिडकीतून खाली रस्त्याकडे बोट दाखवलं. बसथांब्यावर माणसं उभी होती. जवळजवळ प्रत्येकाच्या एकाच कानात इअरफोनचं बोंड. दुसरा कान बससाठी मोकळा. साहेब म्हणाले, "आपल्यापैकी एकानेही हे एका कानाने ऐकून पाहिलं नाही?" मी तर नाहीच.

एक एप्रिलला बाहेर पडलेला कोडेक आम्ही मागे घेतला आहे. बारा दिवस तो लोकांच्या फोनमध्ये होता. शाळेचे तास, डॉक्टरांचं बोलणं, सगळं त्या गुळण्यांतून. तक्रारी आल्या होत्या, मावशी. आम्ही त्यांना उत्तर पाठवत होतो, "कृपया आपले हेडफोन तपासा."

निकाल नव्याने छापला, सोबत आहे. "श्रोते: वीस." वगळल्याची ओळ काढली आणि का काढली तेही लिहिलं, माझ्या सहीने. यापुढे प्रत्येक परीक्षेत एक फेरी एका कानाने. ती फेरी तू घेशील का, असं साहेबांनी विचारलं आहे. मला विचारायचा हक्क उरलेला नाही, म्हणून ते विचारत आहेत.

कोडेक मी पुन्हा करीन. त्याचं दुःख वाटतं तेवढं मोठं नाही. तुला न सांगता कापलं, ते मोठं आहे.

रविवारी येऊ?

खारू


२० एप्रिल

प्रिय खारू,

नव्या निकालात तुमच्या साहेबांच्या हुद्द्यात एक काना राहिला आहे. बोट ठेवून ठेवलं आहे, आलीस की दाखवते. एका कानाची फेरी मी घेईन. मंगळवारच ठेवा.

राग होता. आठवडाभर होता. मग काल सहज हेडफोन काढले, तू निकालासोबत परत पाठवलेले, आणि उलटे घातले. उजवी वाटी डाव्या कानावर. चौथा तुकडा लावला, पाच नंबर, मूळ. चेलो नाहीसा झाला आणि ती बाई आली. इतकी जवळ, की मी मागे सरकले! ओळ सुरू करण्याआधी ती श्वास घेते, तोही आहे. मी बिचाऱ्या ध्वनिमुद्रकाला उगाच नावं ठेवली. माईक त्याने अगदी योग्य जागी ठेवला होता.

तेच मग मी टेबलाशी केलं. माझी खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला नेली आणि उलटी फिरवून ठेवली. खिडकीकडे पाठ झाली, समोर आता पिवळ्या भिंतीऐवजी नुसतं कपाट दिसतं. पण काकांची खुर्ची होती तिथेच राहिली आणि माझ्या डाव्या हाताला आली.

रविवारी ये. येताना पेपर आण. त्याच खुर्चीत बस आणि मोठ्याने वाच, चुकांसकट.

तुझी,
मावशी